पहिली पत्रिका लालाला

लखनादौन आणि धूमा मागं टाकून गाडी बर्गीच्या दिशेनं निघाली, तेव्हा भाच्यानं लावलेल्या गाण्यात टॉम डूलीची शेवटची रात्र चालू होती. उद्या सकाळी त्याला फाशी व्हायची आहे आणि गाणारे त्याला मान खाली घालायला सांगताहेत. चाल अशी की शाळेतली मुलंसुद्धा टाळ्या वाजवत म्हणतील. दुसरं कडवं संपेपर्यंत भाचा गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, अगं, हे तर खुनाचं गाणं आहे!"

खुनाचंच आहे. टॉम डूला हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला, यादवी युद्धातून परतलेला शिपाई. १८६६ साली लॉरा फॉस्टर नावाची मुलगी त्याच्या भागातून नाहीशी झाली आणि पुढं तिचं प्रेत डोंगरात पुरलेलं सापडलं. त्या खुनासाठी १ मे १८६८ रोजी स्टेट्सव्हिल गावात टॉमला फाशी दिलं. डोंगरातल्या लोकांच्या तोंडी डूलाचा डूली झाला. १९५८ साली किंग्स्टन ट्रिओ या तिघांनी ते गाणं गायलं आणि त्याच्या लाखो तबकड्या खपल्या. मी असली खुनाची गाणी वीस वर्षं ऐकते आहे. इंग्रजीत त्यांना 'मर्डर बॅलड' म्हणतात. आपल्याकडं त्याला खुनाचा पोवाडा म्हणता येईल.

पण ही गाणी ऐकत मी जबलपूरला चालले होते त्याला कारण होतं. हा नागपूर-जबलपूर रस्ता म्हणजे जुन्या दख्खन रस्त्याचा तुकडा. पुढं मिर्झापूर आणि मग काशी. आमच्याकडचे यात्रेकरू काशीला निघायचे ते याच वाटेनं, आणि त्यातले कित्येक परतले नाहीत. काही तापानं गेले, काही म्हातारपणानं. काहींच्या गळ्याभोवती रुमाल आवळला गेला. ठगांचा हा आवडता मुलूख होता. रस्ता आज चौपदरी आहे आणि दोन्ही बाजूंना साग आहे. तिलवारा घाटाच्या पुलावरून नर्मदा भाद्रपदातली, गढूळ, काठोकाठ दिसली. भाच्यानं गाणं बंद केलं आणि हात जोडले.

या अमेरिकन गाण्यांचं मूळ अमेरिकेत नाही. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकात कुणाला फाशी व्हायची असली की एका पानावर छापलेलं कवित्व बाजारात पैशा-दोन पैशांना विकलं जायचं. गुन्हेगाराची कबुली, मुलीचा आक्रोश, शेवटी उपदेश. ही पानं आणि त्यांच्या चाली घेऊन माणसं समुद्र ओलांडून अ‍ॅपलेशियन डोंगरात गेली आणि तिथं त्या चाली अडकून राहिल्या. सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलेस हिच्यासह त्या डोंगरांत हिंडला, तेव्हा इंग्लंडात विसरलेली गाणी त्याला तिथल्या घरांच्या ओट्यांवर मिळाली.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'गॉस्पोर्ट ट्रॅजेडी' नावाच्या इंग्रजी गाण्यात एक सुतार आपल्या गरोदर प्रेयसीला मारतो आणि जहाजावर पळतो. तिचं भूत जहाजावर येऊन त्याला गाठतं. हेच गाणं अमेरिकेत 'प्रिटी पॉली' झालं, तेव्हा बहुतेक गायकांनी भूत गाळून टाकलं. जहाजही गेलं. उरला आधीच खणून ठेवलेला खड्डा आणि त्याच्याकडं बघणारी मुलगी. गाणं आखूड झालं, धारदार झालं, पण मेलेलीला परत यायची वाट बंद झाली. तसंच डीप नदीत बुडवून मारलेल्या नेओमी वाइजचं. ती आपल्या गाण्यात एकदा बुडते, कुणीतरी तिला बाहेर काढतं आणि तिचं काम संपतं. पुढचं सगळं गाणं मारणाऱ्याचं.

पुढं शहरांतल्या काळ्या गायकांनी या प्रकाराला वेगळं रक्त दिलं. सेंट लुइसमध्ये १८९५ च्या नाताळच्या रात्री ली शेल्टननं बिली लायन्सला गोळी घातली. भांडण टोपीवरून पेटलं होतं. त्यातून 'स्टॅगर ली' आलं. त्याच शहरात १८९९ साली फ्रँकी बेकर या तरुणीच्या हातून तिचा मित्र मेला. स्वसंरक्षण मानून कोर्टानं तिला सोडलं, पण गाण्यानं सोडलं नाही. 'फ्रँकी अँड जॉनी' देशभर झालं, त्यावर सिनेमे निघाले. बदनामीबद्दल तिनं सिनेमावाल्यांना कोर्टात खेचलं आणि ती हरली. १९५२ साली ती मेली तोवर, अर्धशतकाहून जास्त काळ, ती स्वतःच्या गुन्ह्याचं गाणं ऐकत जगली. त्या बाईचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडंही हे होतंच. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, त्यावरही पोवाडे झाले. १८९१ साली अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा करून छापले. पण आपल्या पोवाड्याला बहुधा गादी लागते, सरदार लागतो. डोंगरातल्या गरीब मुलीच्या खुनावर गाणं रचणारा शाहीर आपल्याकडं विरळा. त्या मुली ओव्यांत गेल्या, जात्याच्या घरघरीत.

जबलपुरात मामेभाऊ राहतो. वहिनींच्या घरातली ही इथली चौथी पिढी. पणजोबा रेल्वेत होते. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही बाजूंचे रूळ जबलपूरला जुळले, त्यानंतर इकडं आलेली बरीच मराठी घरं आहेत. पुढं १९०४ ला गन कॅरेज फॅक्टरी निघाली, तेव्हा आणखी आली. वहिनींची मराठी कानाला गोड लागते. "ताई, आधी खोव्याची जिलबी घ्या, मग खून-बिन काय ते बघू," म्हणाल्या. काळपट, जाड, तुपात निथळलेली ती जिलबी इथंच मिळावी तशी मिळते.

दुसऱ्या दिवशी १८ सप्टेंबर. मी मुद्दाम तोच दिवस धरला होता. स्टेशनाजवळच्या मालगोदाम चौकात सकाळपासून गर्दी होती. पिवळे फेटे, पिवळे झेंडे, "जय सेवा"चा गजर. राजा शंकर शाह आणि कुंवर रघुनाथ शाह या बापलेकांच्या पुतळ्यांना हार पडत होते. १८५७ साली याच तारखेला इंग्रजांनी दोघांना तोफेच्या तोंडी बांधून उडवलं.

कशासाठी? एका कवितेसाठी, असं म्हटलं तर ते फार चूक होणार नाही. शंकर शाह हे गढा-मंडलाच्या गोंड राजघराण्यातले. राज्य कधीच गेलेलं, पुरवा गावी थोडी जमीन आणि पेन्शन, एवढंच उरलेलं. जबलपूरच्या छावणीत ५२ वी पलटण होती. तिच्यातले काही शिपाई राजाच्या संपर्कात असल्याचा संशय आला. इंग्रजांनी फकिराच्या वेषात हेर पाठवला. १४ सप्टेंबरला घराची झडती झाली. हत्यारांचा साठा मिळाला नाही. मिळाली एका रेशमी पिशवीत ठेवलेली देवीची प्रार्थना, सरकारी जाहीरनाम्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली. शत्रूंचा संहार कर, असं देवीला घातलेलं साकडं. तसलीच एक मुलाच्या हातची. कमिशनर अर्स्किननं तिचा इंग्रजी तर्जुमा करून वर पाठवला. चार दिवसांत खटला, शिक्षा आणि अंमल. हजर असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानंही लिहून ठेवलं की म्हातारा राजा ताठ चालत तोफेपाशी गेला. नंतर राणीनं दोघांचे अवशेष गोळा करवले. त्याच रात्री ५२ वी पलटण उठली आणि छावणी सोडून पाटणच्या रस्त्याला लागली.

अमेरिकेत आधी खून होतो, मग गाणं होतं. इथं गाणं आधी झालं आणि त्यापायी माणसं मारली गेली. त्या पाठकोऱ्या कागदाचा विचार करत मी चौकात उभी होते. सरकारनं धमकी छापावी आणि तिच्याच पाठीवर एका वृद्धानं देवीला हाक मारावी. कागद महाग असेल म्हणूनही असेल. पण मला ते तसं वाटत नाही.

पुतळ्यांच्या एका अंगाला मंडल्याकडून आलेला एक परधान म्हातारा बसला होता. मांडीवर कापडात गुंडाळलेला बाना. परधान हे गोंडांचे भाट, आणि बाना त्यांचं तीन तारांचं वाद्य, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजणारं. त्यात त्यांचा देव, बडादेव, वसतो अशी श्रद्धा. या परधानांवर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं ते आपल्या शामराव हिवाळ्यांनी. व्हेरियर एल्विनबरोबर मंडल्याच्या डोंगरात आयुष्य काढलेला हा माणूस. 'द परधान्स ऑफ द अपर नरबदा व्हॅली' १९४६ चं. महाराष्ट्रात त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हाताऱ्यानं गज तारांवर टेकवला. आवाज लाउडस्पीकरच्या गोंगाटात बुडाला, पण मी जवळ बसले होते. तारा कण्हल्यासारख्या वाजतात. तो गोंड राजांची वंशावळ एकेक नाव घेत गात होता.

त्या नावांत नरहर शाह आलं आणि मी मान खाली घातली. १७८१ साली हे गोंड राज्य बुडवलं ते सागरच्या मराठ्यांनी. त्यांच्यामागून नागपूरकर भोसले आले आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रज. म्हणजे तोफेपाशी गेलेल्या त्या वृद्धाचं राज्य आधी माझ्याच भाषेच्या माणसांनी घेतलं होतं. १८ सप्टेंबरला जबलपुरात उभ्या असलेल्या मराठी माणसाला हे ठाऊक असायला हवं. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी या बापलेकांच्या नावाचं संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं आहे. तिथं जाणाऱ्या मराठी पाहुण्यांनी तेही मनात ठेवून जावं.

याच शहरात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांच्या फायली बांधल्या. १८२२ पासून तो नरसिंहपूरला आणि पुढं जबलपूरला होता. माफीचे साक्षीदार करून त्यानं एकेक टोळी उघडी पाडली. त्यांची गुप्त बोली 'रामसी' हिचा कोश १८३६ ला छापला. १८३७ ला इथंच ठगांसाठी कारखाना काढला. तिथं गळे आवळणारे हात तंबू आणि गालिचे विणायला लागले. ठगांचं हे सगळं चित्र इंग्रजांनी आपल्या सोयीनं फुगवलं, असं म्हणणारे इतिहासकारही आहेत आणि त्यांचं म्हणणं डावलण्यासारखं नाही. पण रस्त्यावर माणसं मरत होती, हे खरं. फिरंगिया नावाच्या ठग जमादारानं सालोहद्याच्या आमराईत स्लीमनला तीन जागा दाखवल्या. तीन वेगवेगळ्या वेळी तीन टोळक्यांतले प्रवासी मारून तिथं पुरले होते, आणि त्याच जमिनीवर साहेबाचा तंबू ठोकलेला होता.

ठगांच्या जबान्यांतला एक तपशील वाचल्यापासून मला सुन्न करून राहिला आहे. मोठ्या हत्याकांडांना ठगांनी नावं ठेवली होती ती मेलेल्यांच्या आकड्यावरून. चाळीसरूह. साठरूह. चाळीस जीव, साठ जीव. कोण होते ते साठ? त्यांत काशीला निघालेलं कुणी म्हातारं असेल, रजेवर घरी निघालेला शिपाई असेल, माहेरी निघालेली कुणी असेल. घरी बातमीच पोचली नाही. वाट बघून बघून वर्ष गेलं असेल, मग कधीतरी कुंकू पुसलं असेल. बातमी नाही म्हणून रडणं नाही, आणि रडणं नाही म्हणून गाणं नाही. टॉम डूलीचं गाव लहान होतं, लॉरा कुठं गेली हे विचारणारं कुणीतरी होतं. इथं रस्ता लांब होता.

तिसऱ्या दिवशी बरेल्याच्या पुढं नर्रई नाल्यापाशी गेलो. २४ जून १५६४ ला राणी दुर्गावती इथं आसफखानाच्या फौजेशी लढताना जखमी झाली आणि शत्रूच्या हाती पडण्याआधी तिनं स्वतःच्या अंगात कट्यार खुपसली. तिचीही कथा स्लीमननं टिपली आहे. त्याच्या काळी वाटसरू या भागात सापडणाऱ्या स्फटिकांतला सर्वांत सुंदर खडा निवडून समाधीवर ठेवायचे. जवळचे दोन मोठे दगड म्हणजे राणीचे नगारे, मध्यरात्री ते वाजतात आणि मेलेल्या सैनिकांना गोळा करतात, असं लोक म्हणायचे. भाच्यानं नाल्याकाठी बराच वेळ शोधून एक पांढरा खडा आणला. एका बाजूनं दुधी, एका बाजूनं काचेसारखा, अंगठ्याच्या पेराएवढा. त्यानं तो समाधीवर ठेवला आणि काही बोलला नाही.

परतताना महानगरपालिकेच्या आवारातला सुभद्राकुमारी चौहान यांचा पुतळा पाहिला. १९४९ साली महादेवी वर्मांनी त्याचं अनावरण केलं. सुभद्राकुमारी जबलपूरच्या. झाशीच्या राणीवरची त्यांची कविता हिंदी शाळांत पाठ असते. तिच्यात त्या स्वतःच सांगतात की ही कथा आपण बुंदेल्या हरबोलांच्या तोंडून ऐकली. हरबोला म्हणजे दारोदार गात फिरणारे. तांब्यांची मराठी मुलगी, झाशीची राणी, या हरबोलांच्या गाण्यातून या शहरापर्यंत पोचली, तीही इंग्रजी राज्यात, जेव्हा तिचं नाव घेणं धोक्याचं होतं.

पण मला हवं होतं ते इथल्या लग्नांत म्हटलं जाणारं हरदौलचं गाणं. वहिनी म्हणाल्या, "ते शहरात कुठं ऐकाल? पाटणकडच्या एका खेड्यात आमच्या कामवालीचं माहेर आहे, तिकडं जाऊ."

खेड्याच्या वेशीवर पिंपळाखाली चौथरा. त्यावर घोड्यावर बसलेल्या स्वाराची शेंदूर माखलेली ओबडधोबड आकृती आणि दोन लाल झेंडे. बुंदेली बोलणाऱ्या मुलखात गावोगाव असा हरदौल लालाचा चौथरा दिसतो. कामवालीची आजी ओसरीवर उडीद निवडत बसली होती. गाणं म्हणून दाखवा म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मान हलवली. "ऐसेई नईं गाउत. न्योतो दओ तो लाला आ जैहें." उगाच गात नाहीत. निमंत्रण दिलं तर लाला येतील, आणि मग त्यांना काय वाढायचं?

गोष्ट मात्र सांगितली. ओरछ्याचा राजा वीरसिंह देव याचे मुलगे जुझार सिंह आणि हरदौल. जुझार गादीवर, बादशहाच्या दरबारात गुंतलेला. राज्य धाकटा पाहायचा. वहिनी दिराला मुलासारखी मानायची. कुणीतरी राजाचे कान भरले. राजानं राणीला सांगितलं, तू शुद्ध असशील तर स्वतःच्या हातानं त्याला विष वाढ. आजी इथं थांबली आणि रिकाम्या हातांनी ताट वाढल्यासारखं करून दाखवलं. एक वाटी, दुसरी वाटी, पोळी. "रोउत जाय और परसत जाय." रडत होती आणि वाढत होती. हरदौलला कळलं. वहिनीवरचा आळ जावा म्हणून तो जेवला.

ही गोष्ट १६३१ च्या सुमाराची मानतात. प्रेमचंदांनी तिच्यावर 'राजा हरदौल' लिहिली. पण बायकांच्या गाण्यात खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते. बहीण कुंजावती दतियाला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न निघालं. मामाकडून भात, म्हणजे आपल्याकडचा मामाचा आहेर, मागायला ती ओरछ्याला आली. जुझार म्हणाला, हरदौल तुझा लाडका, जा त्याच्याकडंच माग. ती समाधीवर जाऊन रडली. लग्नाच्या दिवशी आहेराच्या गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पंगतीत वाढणारा दिसत नव्हता, पण पानं भरत होती.

तेव्हापासून या भागात लग्नाची पत्रिका आधी हरदौलच्या चौथऱ्यावर ठेवतात. बायका ढोलकीवर त्याला बोलावणारं गाणं म्हणतात. लग्नात अन्न कमी पडू नये, वादळ येऊ नये, हे लाला बघतो. १८१७ साली लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी पसरली, ती हरदौलची राख असलेल्या राईत गोहत्या झाल्यामुळं, असं लोक म्हणत. मग पटकीच्या साथीत त्याची पूजा सुरू झाली. हेही स्लीमननंच लिहून ठेवलं आहे.

मी तिथंच बसून 'प्रिटी पॉली'चा विचार करत होते. भूत ज्यांनी गाळलं त्यांचं गाणं खड्ड्यापाशी थांबलं. इथल्या बायकांनी भूत ठेवलं, त्याला मामा केलं, त्याच्या हाती वाढप दिलं. मारणाऱ्या राजाला गाण्यात फारशी जागाच ठेवली नाही. आणि विष वाढणाऱ्या वहिनीला? आजीला विचारलं. ती म्हणाली, तिला कोण दोष देणार, लालानंच नाही दिला.

वहिनी गप्प झाल्या होत्या. जबलपुरात जन्म काढला, लहानपणापासून हे गाणं लग्नात ऐकलं, पण त्यातली वाढणारी बाई आज पहिल्यांदा दिसली, असं परतताना गाडीत म्हणाल्या.

निघताना मी आजीच्या पाया पडले. तिनं भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, नातीचं लग्न ठरलं आहे, अकतीला आहे. अकती म्हणजे अक्षय तृतीया. या मग गाणं ऐकायला. पत्रिका छापून आली की पहिली चौथऱ्यावर जाईल, दुसरी तुम्हाला. भाच्यानं पत्ता लिहून दिला. तिनं कागद घडी करून उडदाच्या डब्यात ठेवला आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.